मांडवी, ८१९२ युनिटांत

काउंटर-स्ट्राइक १.६ या बंदुकांच्या गेमचे मॅप, म्हणजे खेळायच्या जागा, हॅमर नावाच्या एडिटरमध्ये बांधतात, आणि तिथल्या जगाला कड असते. मध्यबिंदूपासून प्रत्येक दिशेला ४०९६ युनिट, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत ८१९२. त्यापलीकडचं काही गेमचं इंजिन, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, मानतच नाही. एक युनिट म्हणजे साधारण एक इंच धरायची पद्धत आहे. त्या हिशेबाने सगळं जग झालं दोनशे आठ मीटर लांब आणि तेवढंच रुंद. त्यात मला बडोद्याचं जुनं शहर बसवायचं होतं. मध्ये मांडवी, पश्चिमेला लहेरीपुरा दरवाजा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट. खऱ्या मापाने चारही दरवाजे त्यात मावणं शक्यच नव्हतं.

तरी बडोद्यात राहणाऱ्या आणि हा गेम खेळणाऱ्या माणसाच्या डोक्यात ही कल्पना कधी ना कधी येतेच. मधोमध चौकोनी मांडवी, तिच्या प्रत्येक बाजूला तीन-तीन कमानी, चार दिशांना चार रस्ते, प्रत्येकाच्या टोकाला एक दरवाजा, आणि रस्त्यांच्या मागे पोळींचं, म्हणजे जुन्या वस्तीतल्या चिंचोळ्या गल्ल्यांचं, जाळं. पाणीगेटकडून टेररिस्ट सोडायचे, लहेरीपुऱ्याकडून काउंटर-टेररिस्ट, मध्ये गाठ पडणार. कागदावर तर सगळं तयारच होतं.

मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत ड्राफ्ट्समन आहे, दिवसभर ऑटोकॅड. रविवारी दांडिया बाजारात मामेभावाच्या घरी आमची लॅनची बैठक असते: लॅपटॉप, स्विच, केबलींचा गुंता, आणि मध्यंतराला सेव-उसळ. एवढा जुना गेम का, तर तो कोणाच्याही लॅपटॉपवर चालतो. नवीन गेम काढला की निम्म्या लोकांचे लॅपटॉप धापा टाकतात. तेच तेच मॅप खेळून सगळ्यांना प्रत्येक कोपरा पाठ झाला होता, तेव्हा भाऊ म्हणाला, "तू एवढे प्लॅन काढतोस, एक मॅप काढ ना." त्याला वाटलं आठवड्याभराचं काम असेल. मलाही तसंच वाटलं होतं.

हॅमरचं मूळ नाव वर्ल्डक्राफ्ट. बेन मॉरिस यांनी ते १९९६ मध्ये क्वेक या गेमसाठी लिहिलं, पुढे व्हॉल्व्ह कंपनीने ते घेतलं आणि १९९८ चा हाफ-लाइफ हा गेम त्यावर बांधला. काउंटर-स्ट्राइक १९९९ मध्ये हाफ-लाइफचा मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करून केलेला गेम, म्हणूनच सुरू झाला, त्यामुळे हत्यारं तीच. या वंशावळीच्या खुणा अजून जागोजाग दिसतात. काउंटर-टेररिस्ट जिथून सुरुवात करतात त्या एंटिटीचं (मॅपमध्ये ठेवायच्या खुणेचं) नाव 'इन्फो_प्लेअर_स्टार्ट' आणि टेररिस्टांच्या जागेचं 'इन्फो_प्लेअर_डेथमॅच'. एक हाफ-लाइफमधल्या एकट्या खेळाडूची जागा, दुसरी डेथमॅचची, म्हणजे खेळाडूंनी एकमेकांना मारायच्या सामन्याची. मॉड करणाऱ्यांनी होती ती नावं उचलून कामाला लावली. नवशिक्याला हे कोणी सांगत नाही आणि तो दोन्ही संघ उलटसुलट बसवतो.

एडिटर उघडला की चार खिडक्या: वरून, समोरून, बाजूने आणि एक थ्रीडी. ऑटोकॅडवाल्याला घरी आल्यासारखं वाटतं, पण लगेच ठेचा लागायला लागतात. इथे रेघ नावाची वस्तूच नाही, सगळं भरीव ठोकळ्यांचं काम. ठोकळ्याला ब्रश म्हणतात आणि त्याला आत वळलेला कोपरा चालत नाही. एल आकाराची भिंत हवी तर दोन ब्रश जोडा. कार्व्ह नावाचं एक हत्यार दिलेलं आहे, त्याने भिंतीतून कमान कोरता येते असं वाटतं. प्रत्यक्षात ते भिंतीच्या चिंध्या करतं आणि त्या चिंध्यांचे कोपरे ग्रिडवरून सरकलेले असतात. मांडवीच्या बारा कमानींपैकी मी एकच बांधली, व्हर्टेक्स टूलने एकेक टोक ग्रिडवर बसवत, पायऱ्यापायऱ्यांच्या सरळ फळ्यांतून. मग तिच्या दोन प्रती काढून एक बाजू केली आणि ती बाजू नव्वद अंशांत फिरवत गेलो. जवळून बघितलं तर कमानीला कोपरे दिसतात. पळत्या माणसाला दिसत नाहीत.

मॅप गेममध्ये जाण्याआधी चार प्रोग्रॅमांतून जातो. सीएसजी ठोकळ्यांचे पृष्ठभाग काढतो, बीएसपी सगळ्या जागेची फाळणी करून तुकड्यांची झाडासारखी रचना तयार करतो, व्हिज प्रत्येक तुकड्यातून दुसरा कोणता तुकडा दिसू शकतो ते मोजतो, आणि रॅड प्रकाश टाकतो, तोही भिंतीवरून उसळणाऱ्या प्रकाशासकट. यातल्या दुसऱ्या टप्प्यावर जवळजवळ प्रत्येक नवा माणूस अडकतो, कारण मॅप हवाबंद लागतो. जमीन, भिंती आणि वर आकाशसुद्धा: आकाश म्हणजे 'स्काय' टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र) लावलेला ठोकळाच. कुठे एका युनिटाची फट राहिली की 'लीक' म्हणून लाल शेरा येतो, व्हिज चालत नाही, आणि गेम बिचारा सगळं शहर एकदम रंगवत बसतो. फट शोधायची सोय मात्र छान आहे. कंपायलर एक पॉइंटफाइल लिहून ठेवतो. ती एडिटरमध्ये उघडली की मॅपच्या आतल्या एखाद्या एंटिटीपासून निघालेली लाल रेघ वळणं घेत घेत नेमक्या फटीतून बाहेर पडते. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, तसंच. काही जण हे टाळायला सगळ्या मॅपभोवती आकाशाची एक प्रचंड पेटीच बांधतात. शेरा जातो, पण घरांच्या पाठी, छपरांचे वरचे भाग, कोणाला कधी न दिसणारं सगळं हिशेबात येतं आणि कंपाइल संपता संपत नाही. ही पेटी बघितली की तो मॅप पुढे बघायची माझी इच्छाच जाते.

माप कमी करायचं होतं, पण सरसकट नाही. खेळाडूचं शरीर इंजिनच्या लेखी ३२ बाय ३२ बाय ७२ चा डबा आहे, वाकला की ३६ उंचीचा. तो १८ युनिटांपर्यंतची पायरी उडी न मारता चढतो, साधी उडी ४५ ची. म्हणजे दारं, पायऱ्या, ओटे यांचं माप शरीराला बांधलेलं. रस्त्यांची लांबी तेवढी आपल्या हातात. खऱ्या मापाचं दार गेममध्ये चिंचोळं वाटतं, म्हणून दारं ६४ रुंद आणि ९६ उंच ठेवली, रस्ते मात्र दाबून दाबून अर्ध्याहून कमी केले. दुकानांच्या रांगेतून दहा दुकानं काढून तीन ठेवली तरी मांडवी मांडवीच वाटते. ओटा काढून टाकला की वाटत नाही. हे मापाने कळत नाही, काढून बघावं लागतं.

टेक्स्चरसाठी फोटो काढायला पावसाळा बरा. उन्हात काढलेल्या फोटोत छज्जाची सावली आधीच पडलेली असते, वर रॅडने स्वतःची सावली टाकली की एकाच छज्जाला दोन सूर्य दिसायला लागतात. ढगाळ दिवशी भिंतीचा रंग सपाट येतो. म्हणून श्रावणातल्या एका सकाळी जुन्या वस्तीत दारांचे, तुळयांचे, कोरीव घोड्यांचे फोटो काढत फिरत होतो. एका दारासमोर जरा जास्त वेळ उभा राहिलो तर ओट्यावरून आजींचा आवाज आला.

"काय रे, बिल्डरचा माणूस का तू?"

"नाही आजी. गेम बनवतोय, त्यात असलं दार हवंय."

"गेमात आमचं दार?" त्या उठल्या. मला वाटलं आता हाकलणार. "थांब मग, ही लुगडी काढते दोरीवरची. अशी दिसायला नकोत."

त्यांनी दोरी रिकामी केली, दाराच्या कडीला लटकलेली पिशवी आत नेली, उंबरा फडक्याने पुसला आणि बाजूला उभ्या राहिल्या. निघताना म्हणाल्या, "आणि दार बंद दाखव. उघडं दार बरं दिसत नाही, कोणीही शिरतं." माझ्या मॅपमध्ये त्या दारातून बंदुका घेऊन दहा माणसं शिरणार होती, ते मी बोललो नाही.

हे फोटो थेट लागत नाहीत. या इंजिनमध्ये टेक्स्चरला २५६ रंगच मिळतात, प्रत्येक बाजू १६ ने भाग जाणारी हवी, आणि सगळी चित्रं वॅड नावाच्या फाइलमध्ये भरावी लागतात. त्यासाठी मी वॅली नावाचा प्रोग्रॅम वापरला, तो जुना आहे पण निमूट काम करतो. जाळीचं टेक्स्चर असेल तर नावाची सुरुवात महिरपी कंसाने करायची आणि जिथून आरपार दिसायला हवं तिथे शुद्ध निळा भरायचा, रंगपट्टीतला शेवटचा. पाण्याच्या टेक्स्चरचं नाव उद्गारचिन्हाने सुरू होतं. नावातच वागणूक लिहिलेली. लाकडाच्या बाबतीत तर नाव फारच महत्त्वाचं निघालं, पण ते पुढे वाड्यात येईल.

आता मुख्य गोष्ट. मॅप वरून फार सुरेख दिसत होता. अधिक चिन्हासारखे चार रस्ते, दोन्ही संघ मांडवीपासून सारख्या अंतरावर, २५०० युनिट. टेररिस्टांनी बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी ए साइट गेंडीगेटच्या रस्त्यावर, बी साइट उत्तरेकडच्या एका वाड्याच्या चौकात. ड्रॉइंग म्हणून मी त्यावर सही केली असती. एकट्याने पळून बघितलं आणि सगळं कोसळलं.

या गेममध्ये पळण्याचा वेग हातातल्या हत्यारावर ठरतो. चाकू हातात असेल तर सेकंदाला २५० युनिट, एम४ घेऊन २३०, एके-४७ घेऊन २२१, आणि लांब पल्ल्याची एडब्ल्यूपी घेऊन २१०. म्हणजे २५०० युनिटांचा रस्ता चाकूवाला दहा सेकंदांत तोडतो आणि स्नायपर बारा सेकंदांत. दोन्ही बाजूंना हाच हिशेब. मग बॉम्बच्या साइटवरही दोघं एकाच क्षणी पोचणार, आणि बचाव करणारा जर हल्ला करणाऱ्याबरोबरच पोचत असेल तर त्याने बचाव कशाचा करायचा? डिफ्यूज मॅपमध्ये, म्हणजे एकाने बॉम्ब लावायचा आणि दुसऱ्याने तो निकामी करायचा अशा मॅपमध्ये, काउंटर-टेररिस्टांना काही सेकंद आधी पोचू द्यावंच लागतं. कोपरा धरायला, पाठीमागे बघायला तेवढा वेळ हवा. म्हणून मी त्यांची जागा लहेरीपुऱ्याच्या आत, मांडवीपासून १८०० युनिटांवर आणली.

त्याने ए आणि बी सुधारल्या आणि मांडवी बिघडली. आता लहेरीपुऱ्याचा स्नायपर साडेआठ सेकंदांत मांडवीच्या कमानीखाली पोचायचा. समोर पाणीगेटपर्यंत सरळसोट रस्ता, आडोसा नाही, आणि पलीकडचा चाकूवालासुद्धा अजून दीड सेकंद दूर. स्कोप लावून उभं राहायचं आणि येतील तसे टिपायचे. खरी मांडवी अशी वाटत नाही कारण तिथे रिक्षा आहेत, हातगाड्या आहेत, खरेदीला आलेली माणसं आहेत, कुत्री आहेत; सरळ नजर कुठे पोचतच नाही. रिकामी केली की तीच जागा नेमबाजीचं मैदान होते.

मग मी ड्रॉइंग बघणं सोडलं आणि स्टॉपवॉच घेऊन बसलो. प्रत्येक वाट, दोन्ही बाजूंनी, चाकू घेऊन आणि एडब्ल्यूपी घेऊन. एक तक्ता केला: कोण, कुठून, कुठे, कितव्या सेकंदाला. त्या तक्त्यात दोन आकडे जिथे जवळ येतील तिथे चकमक होणार हे निश्चित. मग बघायचं की त्या जागेवर आडोसा आहे का, मागे फिरायला वाट आहे का, एकाचाच फायदा होतोय का. डस्ट २ हा मॅप मी वर्षानुवर्षं खेळलोय, पण त्याचे मधले दरवाजे त्या जागी का आहेत हे तक्ता हातात आल्यावर कळलं. डेव्ह जॉन्स्टन यांचा तो २००१ चा मॅप. टेररिस्टांच्या सुरुवातीच्या जागेजवळून मधल्या दरवाजांच्या फटीतून पलीकडून जाणारा काउंटर-टेररिस्ट निमिषभर दिसतो. लांब नजर दिलेली आहे, पण दाराच्या फटीएवढीच. बी साइटकडे निघालेल्याला ती फट पार करावी लागते आणि स्नायपरला एकच संधी मिळते. तेवढ्यावर एवढी वर्षं लोक एकमेकांशी भांडतायत.

मला मांडवीच्या पश्चिमेला तसं काहीतरी हवं होतं. भिंत घातली असती तर बडोदेकरांनी जोडे मारले असते. मांडवीला जाणाऱ्या रस्त्यात भिंत? उत्तर घराबाहेरच उभं राहत होतं. श्रावण सरत आला होता, गल्लीच्या तोंडाशी बांबू पडले होते आणि गणपतीचा मांडव निम्मा रस्ता अडवून बसला होता. दरवर्षी बसतो, कोणाला त्याचं काही वाटत नाही. मी मांडवीच्या अलीकडे रस्त्यावर मांडव बांधला: बांबू, कापडाच्या कनाती, वर पत्रा. लहेरीपुऱ्याहून येणाऱ्याला आता मांडवीला पोचायला डावीकडच्या पोळीतून वळसा घालावा लागतो, अंतर झालं २३०० च्या आसपास, स्नायपरला अकरा सेकंद. ए आणि बीकडे जाणाऱ्या गल्ल्या मांडवाच्या आधीच फुटतात, त्यामुळे तिथली आघाडी शाबूत. मांडवीखाली पहिला कोण पोचेल हे आता कोणी कोणतं हत्यार हातात धरून पळायची हिंमत केली त्यावर ठरायला लागलं.

मांडवाने दुसरंही एक दुखणं बरं केलं. चारही रस्ते मध्यातून दिसत होते, आणि दिसतं ते सगळं इंजिनला रंगवावं लागतं. आर_स्पीड्स ही आज्ञा लावून बघितलं तर मांडवीखाली उभं राहिल्यावर पॉलिगॉनचा, म्हणजे रंगवायच्या पृष्ठभागांचा, आकडा, जुने मॅप करणारे जो ८०० च्या आत ठेवा म्हणायचे, तो दुपटीच्याही वर जात होता. व्हिजला नजर अडवणारी वस्तू लागते आणि ती साधा वर्ल्ड ब्रशच लागते. एंटिटी केलेल्या ब्रशमधून व्हिजला आरपार दिसतं. म्हणून कनाती भरीव ब्रशच्या, आणि बांबू मात्र फंक_वॉल नावाच्या एंटिटी केले, नाहीतर प्रत्येक बांबू जिथे टेकतो तिथल्या जमिनीचे आणि भिंतीचे तुकडे पडतात. बांबूला सहा बाजू पुरतात. गोल वाटतो.

आईने हे सगळं पडद्यावर बघितलं तेव्हा तिचा प्रश्न वेगळाच होता. "आत मूर्ती ठेवलीस का?"

"नाही ग, अजून नाही."

"ठेवूही नकोस. तिथे गोळ्या चालवणार तुम्ही."

त्यामुळे माझ्या मॅपमधला मांडव अजून बांधून व्हायचा आहे. आत फक्त चौरंग, गुंडाळलेल्या सतरंज्या आणि एक शिडी. याच न्यायाने खऱ्या वस्तीतली देवळं आणि मशिदी मी मॅपमध्ये घेतल्याच नाहीत, त्यांच्या जागी दुकानांची बंद शटरं आहेत. ज्यांना हे भित्रेपणाचं वाटतं त्यांनी आपापला मॅप करावा.

वाड्यात मात्र मनासारखं काम करता आलं. बी साइट म्हणजे वाड्याचा चौक, भोवती पडवी, वर माडी. आत शिरायच्या तीन वाटा. समोरचा मोठा दरवाजा बंद आणि त्यातली दिंडी उघडी. दिंडीची उंची ७२ च्या खाली ठेवली, म्हणजे वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि वाकून चालताना वेग एक तृतीयांश होतो. उंबरा १६ युनिटांचा, तो अडत नाही. खऱ्या वाड्यांच्या दिंड्या याचसाठी होत्या, आत येणाऱ्याने मान खाली घालून, एकेकट्याने आणि सावकाश यावं म्हणून; गेममध्ये ती सोय जशीच्या तशी लागू पडली, काही जोडावं लागलं नाही. दुसरी वाट मागच्या पोळीतून जिन्याने माडीवर, तिसरी शेजारच्या कोठारातून, तिथे फुटणारी फळी आहे, फंक_ब्रेकेबल.

माडीवरून सगळा चौक दिसतो, त्यामुळे तिथे बसणाऱ्याला काहीतरी किंमत मोजायला लावणं भाग होतं. ती किंमत म्हणजे आवाज. इंजिन पायाखालच्या टेक्स्चरचं नाव बघून पावलांचा आवाज ठरवतं, आणि कोणतं नाव म्हणजे लाकूड, कोणतं म्हणजे लोखंड, याची यादी मटेरियल्स नावाच्या मजकूर फाइलमध्ये असते. मी काढलेल्या फळ्यांच्या फोटोला स्वतःचं नाव दिलं तर ते त्या यादीत नाही, मग पावलं फरशीवर पडल्यासारखी वाजतात. माझ्या लॅपटॉपवरची यादी मी बदलली तरी समोरच्याच्या लॅपटॉपवर जुनीच असणार. उपाय असा की आपल्या चित्राला यादीतलंच एखादं लाकडाचं नाव द्यायचं. तसं केलं आणि माडी बोलायला लागली. आता वर कोणी पळालं की खाली चौकात धाडधाड ऐकू येतं. गुपचूप जायचं तर शिफ्ट दाबून हळू चालावं लागतं, आणि तेवढ्यात वेळ जातो. बॉम्बला ४५ सेकंद असतात, तो निकामी करायचं किट नसेल तर डिफ्यूजला दहा लागतात, किट असेल तर पाच. माडीवरून उतरायचं की नाही हा प्रश्न त्या आकड्यांमध्ये चांगला बसतो.

शेवटी शेवटी 'अलॉकब्लॉक फुल' म्हणून गेम बंद पडायला लागला. प्रकाशाचे नकाशे ठेवायची इंजिनची जागा संपली की असं होतं. ज्या भिंती कोणी जवळून बघत नाही त्यांचं टेक्स्चर मोठ्या स्केलवर ताणलं की सुटतं. ताणलं, सुटलं.

पहिल्यांदा माणसं घेऊन खेळलो ती रात्र आवाजाची होती. दहा जण, पाच-पाचचे संघ. पहिल्या राउंडला कोणी कोणाला मारलंच नाही, सगळे आपापली ओळखीची जागा शोधत भटकत होते. "अरे हे तर भांड्यांचं दुकान!" "माझ्या आत्याचं घर कुठाय?" आमच्यातला एक गुजराती मित्र मांडवाच्या मागे अडकून ओरडला, "मांडवीमां तो रोज फसाईए छीए, गेममांय फसावानुं?" मी वही घेऊन मागे उभा होतो. मॅप करणाऱ्याने पहिल्या रात्री खेळू नये असं माझं मत आहे. खेळलं की आपण आपल्याच वाटांनी जातो आणि लोक कुठून जातात ते बघायचं राहून जातं.

लोक गेले छपरावर. एक खाली बसला, दुसरा त्याच्या डोक्यावर चढला, तिथून पानाच्या गल्ल्याचा, म्हणजे टपरीचा, पत्रा, तिथून छज्जा, आणि भाऊ थेट कौलांवर. तिथून त्याला निम्मं बडोदं दिसत होतं आणि दूरच्या दुकानांना पाठी नाहीत हेही दिसत होतं. "अरे, तुझ्या शहराला मागची बाजूच नाही!" पुढच्या आवृत्तीत कौलांवर क्लिप ब्रश घातले. ते दिसत नाहीत, गोळी त्यातून जाते, माणूस जात नाही. जिथे चढू द्यायचं ती गल्ल्याची पत्र्याची जागा तेवढी मोकळी ठेवली, कारण दोघांनी मिळून काहीतरी उद्योग करणं हा या गेमचा अर्धा आनंद आहे.

दुसरी कटकट फाइलींची. मॅपमध्ये एक ठोकळा हलवून पुन्हा कंपाइल केलं आणि नाव तेच ठेवलं, तर ज्याच्याकडे जुनी फाइल आहे त्याला सर्व्हर आत घेत नाही. तुमचा मॅप सर्व्हरच्या मॅपपेक्षा वेगळा आहे म्हणून बाहेर काढतो. पेन ड्राइव्ह घेऊन दहा लॅपटॉपांमागे फिरण्यापेक्षा प्रत्येक वेळी नाव बदलावं: डीई_मांडवी_बी१, मग बी२, असं. टेक्स्चरही कंपाइल करताना वॅडिन्क्लूड हा पर्याय लावून मॅपच्या फाइलमध्येच भरून टाकावीत, म्हणजे वॅड वेगळी वाटायला नको. हे दोन नियम पाळले की रविवारची पहिली पंधरा मिनिटं वाचतात.

सध्या भावाने नवीन टुमणं लावलंय: रात्रीची मांडवी कर, नवरात्रातली. प्रकाशाचं काम अवघड नाही, सूर्य काढायचा, दुकानांवर माळा लावायच्या आणि रॅडला रात्रभर चालू द्यायचं. अडलंय ते ढोलावर. अँबियंट आवाज म्हणून मांडवीत ढोल सतत वाजता ठेवला तर वाड्याच्या माडीवरची पावलं कोणालाच ऐकू येणार नाहीत, आणि सगळी बी साइट त्या पावलांवर उभी आहे. भाऊ म्हणतो आवाज कमी ठेव. मी म्हणतो नवरात्रात आवाज कमी ठेवलेला ढोल त्याने बडोद्यात कधी ऐकलाय का.